एकशे बारा नंबरचे साहेब

एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी आमच्या समाजातल्या एकशे अठ्ठेचाळीस तरुणांचे धंदे इकडचे तिकडे केले. मनात वाईट काही नव्हतं. पोटात दालबट्टी होती, डोळ्यांवर झापड होती आणि समोर कॉम्प्युटर होता.

आमच्या समाजाचं मंडळ दरवर्षी वधू-वर परिचय पुस्तिका काढतं. त्या मंडळाचा मी चिटणीस. चौदा वर्षं झाली. मी पद सोडत नाही असं काही जण म्हणतात. खरं म्हणजे ते घ्यायला कोणी पुढं येत नाही. यंदा ठरवलं, यादी छापखान्यावर सोडायची नाही, आपणच टाइप करायची. निवृत्तीनंतर तीन महिन्यांचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट बैठकीत फ्रेम करून लावलंय, त्याचा समाजाला काही उपयोग नको?

यादी मी उभी टाइप करत गेलो. आधी सगळ्या मुलांची नावं, मग जन्मतारखा, उंची, रक्तगट, नाडी, शिक्षण, फोन. आडनावं गाळली, आमच्यात दर दोघांत तीन पाटील, शाई जाळायची तरी किती? शेवटी उरला 'नोकरी / व्यवसाय' हा रकाना, आणि तो आला जेवणानंतर. चौसष्ट नंबरच्या मुलानं फॉर्मवर दोन ओळींत लिहिलं होतं. वर 'शेती', खाली 'व किराणा दुकान'. मी इमानदारीनं दोन ओळींना दोन घरं दिली. तिथून पुढं ज्याच्या-त्याच्या नावासमोर त्याच्या वरच्याचा धंदा बसत गेला. पासष्ट नंबरला एक प्राध्यापक होते, ते झाले 'व किराणा दुकान'. शेवटच्या, दोनशे बाराव्या नावापाशी पोचलो, तर हातात एक 'तलाठी' उरला. त्याला मालक सापडेना. मी इकडंतिकडं पाहिलं आणि तलाठी खोडला.

मेळाव्यात पुस्तिका वाटल्या. ज्यांची बढती झाली होती त्यांच्यापैकी एकानंही मला कळवलं नाही. ज्यांची घसरण झाली होती त्यांचे फोन मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू झाले. सगळ्यांत मोठा आवाज होता जीवरामनानांचा. नाना मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा तेजस, एकशे अकरा नंबर, चांगला वर्ग दोनचा इंजिनियर. त्याच्यापुढं छापलं होतं, 'शेळीपालन, १४ नग'.

"आबा," नाना म्हणाले, "पोराला फोन आला. मला वाटलं, स्थळ. समोरचा विचारतो, नवसाला एक बोकड पाहिजे, काळा आहे का?"

शुद्धिपत्रक काढायचं एकमतानं ठरलं, पण मजकुरावर बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत कोरम नव्हता. दुसरीत लक्षात आलं की निम्म्या कार्यकारिणीचे भाचे-पुतणे या गडबडीत वर चढलेत आणि त्यांना घाई अजिबात नाही. एक सभासद तर म्हणाले, "एवढी काय तातडी? पोरं हुशार आहेत, निभावून नेतील." असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत एकशे बारा नंबरचं काय झालं, ते हे.

एकशे बारा म्हणजे नवल सुकदेव. वय अडतीस, एम.ए., बी.एड. त्याचा खरा व्यवसाय 'भरीत सेंटर'. तो घसरून एकशे तेराव्या योगराज नावाच्या दातांच्या डॉक्टरांना लागला. आणि नवलच्या नावासमोर नानांच्या तेजसची नोकरी येऊन बसली. सहायक अभियंता, वर्ग दोन.

नवल मूळचा पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. साहेब ही पदवी त्याला नवी नव्हती. त्यानं स्पर्धा परीक्षेचा पहिला फॉर्म भरला त्याच संध्याकाळी गाव त्याला साहेब म्हणायला लागलं होतं. आपल्याकडं पद्धतच आहे ती. पोरगा भरतीच्या मैदानावर पळायला लागला की फौजदार, बी.एड.ला गेला की गुरुजी. निकालासाठी गाव थांबत नाही. पहिली दोन वर्षं त्या 'साहेब'मध्ये आदर होता. चौथ्या वर्षी त्यात चौकशी आली. सहाव्या वर्षी पारावरून आवाज यायचा, "काय साहेब, यंदा तरी?" आणि सातव्या वर्षी गावातल्या एका सुस्त बैलाचं नाव कोणीतरी साहेब ठेवलं.

तसा पोरगा हुशार. एकदा दीड मार्कानं गेला. एकदा लेखी निघाली, तर मैदानावर पळताना बुटाचा तळ सुटून मागं राहिला आणि हा पुढं. एकदा सगळं पार करून थेट मुलाखतीला जाऊन बसला. तिथं विचारलं, "तुमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य सांगा." हा भरितावर अकरा मिनिटं बोलला. एका सदस्यानं म्हणे दोनदा पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. जेवणाची वेळ होती, मार्क काही पडले नाहीत.

पुण्यात तो सहा खान्देशी पोरांबरोबर एका खोलीत राहायचा. मेसच्या भाजीला कंटाळून रविवारी गच्चीवर वांगी भाजायचं काम आपसूक त्याच्याकडं आलं. भरीत खाणाऱ्या त्या सहांपैकी एक तहसीलदार झाला, दोघे फौजदार, एक विक्रीकरात, एक मंत्रालयात. सहावा क्लास काढून इतरांना साहेब करतो. वाढणाऱ्याचं पान शेवटी मांडतात, हे नवलला ठाऊक होतं. पान मांडायच्या आतच वयाची अट संपेल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका शिक्षणसंस्थेत शिक्षकाच्या जागेसाठी गेला. संस्थाचालकांनी प्रमाणपत्रं पाहून मान डोलावली. "गुणवत्ता उत्तम आहे. बाकीची तयारी?" नवलला वाटलं, पाठाची तयारी. तो खडू मागायला लागला. त्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा तो जिना उतरून खाली आला आणि त्यानंतर कोणत्याच जिन्यावर चढला नाही.

जळगावला मेहरूणच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यानं पत्र्याचं शेड घातलं. त्याला आता पाच वर्षं झाली. पाटीवर एकच शब्द, 'भरीत'. थंडीत तिथं रांग लागते. उन्हाळ्यात तो शेवभाजी करतो, पण त्यात त्याचं मन नसतं. त्याचं मन वांग्यात. पहाटे मार्केटला जाऊन बामणोदकडची मोठी, हिरवी वांगी एकेक हातात घेऊन बघणार. आकारानं मोठं पण हाताला हलकं पाहिजे, म्हणजे बिया कमी. अंगठ्यानं दाबलं तर दबून परत वर यायला पाहिजे. शंभरातली साठ बाजूला. बाजारातल्या बेबाबाई ओरडतात, "ओ मास्तर, वांगं घेऊन राहिला का सून पाहून राहिला?" मग कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची, मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचायची. बोटांची टोकं काळी पडलीत, दोन नखं करपलीत. पण ते भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर तोंडात गेलं, की माणूस दोन मिनिटं कुणाची निंदासुद्धा करत नाही.

लग्न मात्र जमेना. चार वर्षं आमच्या पुस्तिकेत त्याचं नाव 'भरीत सेंटर'सह छापून येत होतं. चार वर्षांत तीन फोन आले. तिन्ही ऑर्डरचे. त्यातला एक तर एका मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणाचा होता, आणि त्या मुलीच्या नावावर नवलनं पुस्तिकेत स्वतःच्या हातानं खूण केलेली होती. ऑर्डर त्यानं घेतली. मिरची त्या दिवशी जरा जास्त पडली, असं म्हणतात.

आणि यंदा पुस्तिका निघाली नि पाचव्या दिवसापर्यंत त्याला एकोणीस फोन.

"साहेब, नमस्कार. सध्या पोस्टिंग कुठं?"

"मेहरूणला."

"वा वा! ऑफिस तिथंच?"

"ऑफिस नाही हो, भट्टी आहे. मी भरीत विकतो. ते छापताना चुकलंय."

पलीकडं खदाखदा हसू. "साहेब, तुम्ही लई गमती! आमच्या पोरीला विनोदी स्वभावच पाहिजे."

दुसऱ्याला त्यानं तेच सांगितलं. तो गहिवरला. "एवढ्या मोठ्या पदावर असून एवढी नम्रता! आजकाल कुठं बघायला मिळते?" तिसरा जाणकार निघाला. आवाज खाली आणून म्हणाला, "बरोबर आहे साहेब. असंच म्हणत जा. हल्ली कोण कुठं फोन ऐकत असेल, सांगता येत नाही." एक गृहस्थ तर थेट शेडवर येऊन थडकले. दोन वाट्या भरीत खाल्लं, हात धुतला आणि पंचा पुढं करणाऱ्या नवललाच हळूच विचारलं, "इथं ते इंजिनियर साहेब जेवायला येतात म्हणे. कधी येतात?"

"रोज येतात," नवल म्हणाला. "सगळ्यांचं झाल्यावर बसतात."

आठवड्याच्या शेवटी आकडा एक्केचाळीसवर गेला. खरं बोलून बोलून नवल थकला. सात परीक्षांमध्ये त्याची खरी उत्तरं कोणी धरली नव्हती, आताही धरेनात. तो तडक माझ्या घरी आला.

"आबा, काय करून ठेवलं हे?"

"शुद्धिपत्रक काढतोय रे. बैठक लागलीय."

"बैठक होईतो माझं लग्न होऊन जाईल. आईनं धुळ्याच्या एकांना शब्द दिलाय. रविवारी बघायला बोलावलंय."

"मग फोन करून नाही म्हण."

त्यानं मग खिशातून पुस्तिका काढली आणि मुलींच्या भागातलं एक पान माझ्यापुढं धरलं. अडतीस नंबर. दिपमाला बन्सीलाल, धुळे. बी.एस्सी. कृषी. व्यवसाय, कापूस ग्रेडर, जिनिंग मिल. मुलींचा भाग माझ्या धाकट्या सुनेनं टाइप केला होता, त्यामुळं तो बिनचूक होता.

"हिचं नाव मागच्या वर्षी पण होतं," नवल पानाकडं बघत म्हणाला. "गाडीतला कापूस हातात घेऊन, धागा ओढून सांगते म्हणे, कोणत्या प्रतीचा आहे ते. तेव्हाच फोन करणार होतो. म्हटलं, भरीतवाल्याला कोण देईल?"

"मग आता तर त्यांनीच बोलावलंय!"

"मला कुठं बोलावलंय, आबा? इंजिनियरला बोलावलंय. तुम्ही चला, आणि तिथं सांगा की चूक तुमची आहे. माझं कोणी ऐकत नाही."

रविवारी माझ्या गाडीनं निघालो. पारोळ्याला त्याची आई तानुबाई नवं लुगडं नेसून रस्त्यावर उभी होती. गाडीत बसल्या बसल्या तिनं पहिला हल्ला माझ्यावर केला.

"आबा, तुम्ही तठे तोंडमा सुपारी धरा नि गप बसा."

"अहो अक्का, पण ते खरं नाही ना."

"छापेल शे ना? मंग खरं शे. बठ्ठा गावना पोऱ्यासनं लगीन व्हयनं, यानंच ऱ्हायनं. देवले दया उनी, त्यानी तुमना हातखाल चुकी करी. देवनी चुकी सुधारनारा तुम्ही कोण?"

चौदा वर्षांत माझ्या कामामागं देवाचा हात आहे असं पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. मी सुपारी तोंडात धरली.

बन्सीलाल एसटीतून निवृत्त झालेले. घर स्वच्छ, भिंतीवर त्यांच्या निरोप समारंभाचा फोटो. त्यांच्या पत्नी इंदिराबाई दारातच तानुबाईंच्या गळ्यात पडल्या. आणि सोफ्याच्या मधोमध बसले होते मुलीचे मामा, प्रेमराज. मामा कंत्राटदार. त्यांच्या मांडीवर आमची पुस्तिका होती, आणि पुस्तिकेत एक नकाशा घडी करून ठेवलेला होता.

"साहेब, बसा, बसा," मामा नवलला जवळजवळ मांडीवरच घेत म्हणाले. "नातं जमेल तेव्हा जमेल. आमच्या शिवारातल्या एका नाल्याचं जरा बघायचं होतं."

तेवढ्यात दिपमाला पोहे घेऊन आली. साधी, सडसडीत, ओढणीला कापसाचा एक तंतू चिकटलेला. नवलनं बशी घेतली. पोह्यांकडं बघितलं, मामांकडं बघितलं, मग बशी खाली ठेवली.

"मी इंजिनियर नाही," तो म्हणाला. "जळगावला मेहरूणमध्ये भरीत विकतो."

मामा मांडीवर थाप मारून असे हसले की नकाशा खाली पडला. बन्सीलाल हसले. इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. तानुबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली. ती जिवाच्या करारावर हसत होती. नवलनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात सुपारी होती.

हसली नाही ती फक्त दिपमाला. ती नवलच्या हाताकडं बघत होती.

"हात दाखवा," ती म्हणाली.

भर बैठकीत नवऱ्या मुलाचा हात मुलीनं मागायची आमच्यात रीत नाही. इंदिराबाई "अगं!" म्हणाल्या. पण नवलनं हात पुढं केला. तिनं तो उताणा केला, पालथा केला, अंगठ्याचं करपलेलं नख बघितलं.

"बाबा, हे खरं बोलताहेत," ती म्हणाली. "पेन धरणाऱ्याची बोटं अशी नसतात."

आता मात्र मला सुपारी थुंकावी लागली. सगळं सांगितलं. चौसष्ट नंबर, दोन ओळी, किराणा दुकान, खोडलेला तलाठी, नवलचे न ऐकलेले एक्केचाळीस फोन, काहीच लपवलं नाही. मला वाटलं होतं, लोक माझ्या अंगावर येतील. कोणी आलं नाही. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा एकदम त्या पुस्तिकेवर खिळल्या.

"थांबा," बन्सीलाल घाईघाईनं पानं उलटत म्हणाले. "म्हणजे प्रत्येकाचा धंदा एक घर वर सरकवायचा? हा एकशे तेरा, 'भरीत सेंटर' म्हणून मी याला फोनवर नाही म्हणालो. हा कोण निघतो?"

"दातांचे डॉक्टर," मी म्हणालो.

"अरे देवा! मी त्याला सांगितलं, आमच्या मुलीला वांगं चालत नाही!"

"आणि मी त्या शेळीवाल्याला?" मामांचा आवाज चिरकला. "एकशे अकराला? काय काय बोललो मी त्याला!"

"तो खरा इंजिनियर."

मामा सोफ्यावरून मटकन खाली बसले. नाल्याचा नकाशा त्यांच्या बुडाखाली गेला. मग त्या दोघांनी पेन्सिल घेतली आणि पासष्टपासून एकेक नाव दुरुस्त करायला बसले. "हा ड्रायव्हर नाही, हा फौजदार!" "हा सोड, हा प्राध्यापक नाही." अर्ध्या तासापूर्वी ज्याला मांडीवर घेत होते तो नवल तिथंच बसला होता, पण कोणाला दिसत नव्हता. तो उठून बाहेर ओट्यावर गेला. पाच मिनिटांनी दिपमाला त्याची पोह्यांची बशी घेऊन आली. मी उंबऱ्याशीच होतो, सगळं ऐकू येत होतं.

"आईला सांगून आले. पोहे वाया जातात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "एक्केचाळीस लोकांनी ऐकलं नाही म्हणे. मग इथं परत कशाला सांगितलं?"

"तुम्ही कापूस बघता," नवल म्हणाला. "गाडीचा वरचा थर बघून भाव करत असाल असं वाटलं नाही."

"वरचा थर सगळे चांगलाच लावतात. मी खांद्यापर्यंत हात आत घालते."

"म्हणून तर मागच्या वर्षीच फोन करणार होतो." हे त्याच्या तोंडून निसटलं, आणि मग त्यानं घाईघाईनं पोहे तोंडात कोंबले.

तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "एक विचारू? उद्या जागा निघाली, वयात सूट मिळाली, तर फॉर्म भराल?"

इथं एखाद्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की छे, आपला धंदा बरा, नोकरीत काय ठेवलंय. नवलनं पोहे गिळले आणि जरा विचार केला.

"भरीन," तो म्हणाला. "दीड मार्काचं अजून झोंबतं. सकाळी पेपर देईन, संध्याकाळी भट्टी लावीन."

तेवढ्यात जिनिंगमधून तिला फोन आला, गाड्या लागल्या होत्या. ती स्कूटी काढून निघून गेली. आम्ही निघताना बन्सीलाल पुस्तिकेतून मान वर न काढता म्हणाले, "कळवतो." आमच्याकडं 'कळवतो'चा अर्थ लहान मुलालाही कळतो.

येताना तानुबाई पारोळ्याला उतरताना एवढंच म्हणाली, "आबा, देवनी चुकी तुम्ही बिघडाडी." आणि मागं न बघता चालायला लागली. नवलनं गाडीच्या काचेतून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. एक्केचाळीस लोकांना खरं सांगताना त्याला काही वाटलं नव्हतं. बेचाळिसावं घर मात्र त्याला हवं होतं.

शुद्धिपत्रक त्याच आठवड्यात निघालं. आणि वायर तोडावी तसे नवलचे फोन बंद पडले. ज्यांना त्याचा विनोद आवडला होता त्यांना तो आता खोटारडा वाटायला लागला. नम्रतेनं गहिवरलेले गृहस्थ रस्त्यात दिसले, तर त्यांनी चप्पल नीट करायच्या निमित्तानं मान खाली घातली. नवल तोच, उंची तीच, नाडी तीच. एक घर काय ते खाली आला होता. तिकडं तेजसला दोन दिवसांत इतके फोन आले की जीवरामनानांनी मोबाईल चार्जिंगला लावून शेजारी खुर्ची टाकली. नानांचं म्हणणं, अखेर गुणांचीच कदर होते.

डिसेंबर उजाडला. शेडवर रांग वाढली. नवल पहाटे मार्केटला जात होता, पण बेबाबाईंनी मला सांगितलं की मास्तर हल्ली न दाबताच वांगी पिशवीत टाकतो. वांगी न दाबणारा नवल म्हणजे गेलेली केस.

एका रविवारी भर गर्दीत तो भरीत वाढत होता. मी आत भाकऱ्या मोजून देत होतो. प्रायश्चित्त म्हणून रविवारचा अर्धा दिवस मी तिथं लावून घेतला होता. रांगेत तेराव्या नंबरवर दिपमाला उभी होती. एकटी. नवलनं तिला पाहिलं आणि बाराव्या माणसाला दोनदा वाढलं.

तिची पाळी आली. तिनं ताट घेतलंच नाही. काउंटर ओलांडून सरळ कोपऱ्यातल्या वांग्यांच्या ढिगाकडं गेली, खाली बसली आणि बाही सरकवून तळात हात घातला. रांगेतले लोक बघत राहिले. तिनं अगदी खालून एक वांगं काढलं, हातावर तोललं, अंगठ्यानं दाबलं. मग बाजूनं दुसरं. मग तिसरं.

"हे तिसरं भरलेलं आहे. बिया निघतील," ती म्हणाली.

"आठवडाभर लक्ष नव्हतं," नवल पुटपुटला.

"बाकीचं वर तसंच खाली. आमच्याकडं असा एकही गाडीवाला येत नाही." ती हात झटकून उठली. "बाबांना डॉक्टर पाहिजे होता. डॉक्टरांना डॉक्टरीणच पाहिजे आहे. मामांनी तुमच्या इंजिनियरला माफी मागायला तीन फोन केले, तो उचलत नाही. आता घरी सगळे शांत आहेत. तेव्हा मागच्या वर्षी फोन करून जे विचारणार होता, ते विचारा."

आत माझ्या हातात सात भाकऱ्या. नवलच्या एका हातात पळी, दुसऱ्यात ताट. मुलाखतीत अकरा मिनिटं बोललेला माणूस. शेवटी तो एवढंच म्हणाला, "भाकरी देऊ का पुरी?"

"भाकरी," दिपमाला म्हणाली. "आणि हो."

रांगेतल्या कोणालाच नीट कळलं नाही काय झालं ते, पण टाळ्या पडल्या. खान्देशात भुकेला माणूस भरीत लवकर मिळावं म्हणून कशालाही टाळ्या देतो.

साखरपुडा संक्रांतीनंतर धुळ्याला झाला. बन्सीलाल आधी थोडे अवघडलेले होते, पण नवलनं स्वतः भट्टी लावली आणि दुसऱ्या वाटीनंतर ते पाहुण्यांना सांगायला लागले, "आमचे जावई स्वतंत्र व्यवसायात आहेत." मामांनी भरितात तिसऱ्यांदा पोळी बुडवली आणि नाल्याचा विषय काढला नाही. तानुबाई मला बघून प्रथमच हसली. तिच्या हिशेबी देवानं पुन्हा कामकाज हातात घेतलं होतं.

मला आपलं वाटलं, या सगळ्यात माझाही काही वाटा आहे. भट्टीपाशी नवल एकटा काड्या सरकवत होता, तिथं गेलो. घसा खाकरला. चौदा वर्षांच्या चिटणीसपदात माझ्या नावावर एक धड काम लागत होतं, ते निदान त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नवल, काही म्हण," मी म्हणालो, "मी ती चूक केली म्हणून तुझं जमलं."

त्यानं जाळातलं वांगं उलटलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "चूक केली तेव्हा नाही आबा, सुधारली तेव्हा जमलं."